लेण्याद्रीहून घाटमाथ्याकडे

लेण्याद्रीच्या पायऱ्या पावणेतीनशेहून जास्त, आणि चढणाऱ्यांचं निम्मं लक्ष माकडांवर. हातातली प्रसादाची पिशवी गेली की गेलीच. डोलीवाले आजी-आजोबांना खांद्यावर घेऊन आपल्याला मागे टाकतात, तेव्हा जरा लाजच वाटते. अष्टविनायकांपैकी डोंगरातल्या लेण्यात बसलेला गणपती हा एकटाच. इथे पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढावं लागतं म्हणून रांगेत कुरकुर चालू असते. मला ते तिकीट रास्त वाटतं. गिरिजात्मजाचं हे दालन मुळात बौद्ध भिक्खूंचा विहार, सातव्या क्रमांकाचं लेणं. मध्ये एकही खांब नाही, कडेने वीस खोल्या. भिक्खूंच्या पाठी जिथे टेकल्या असतील त्याच ओट्यावर आज दर्शन आटोपलेली कुटुंबं दम खातात.

शेजारच्या सहाव्या लेण्याकडे मात्र फार थोडे वळतात. तिथे चैत्यगृह आहे. छताला लाकडी वाशांसारख्या कमानी, पण त्याही दगडातच कोरलेल्या. अष्टकोनी खांबांच्या माथ्यावर पाठीला पाठ लावून बसलेली जनावरं. बाहेर ब्राह्मीत एक ओळ आहे. हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने दिलं, एवढंच ती सांगते. शिवनेरीच्या लेण्यांत चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिल्याची नोंद आहे. जुन्नरच्या इतर लेखांत बांबूकाम करणारे, कासार, धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणी दान देताना भेटतात. समुद्रकाठचा माणूस इतक्या आत, सह्याद्रीच्या पलीकडे येऊन पैसा ओततो, याचं उत्तर मिळवायला पश्चिमेला नाणेघाट गाठायचा.

जुन्नर सोडलं की रस्ता हळूहळू चढतो आणि घाटघरच्या पुढे जमीन एकदम संपते. खाली कोकण. कड्यातली नळी उतरून कल्याण, सोपाऱ्याकडे जायचं. उलट वर आलं की जुन्नर आणि तिथून पैठण. तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडत, असं सांगतात. पण खरा ऐवज गुहेत आहे. सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांची नावं आणि दक्षिणेचे आकडे आहेत: १७०० गायी, १० हत्ती, २४,४०० कार्षापण. सहलीची पोरं याच भिंतीला टेकून सेल्फी काढतात. मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका आणि राजकुमारांच्या प्रतिमा होत्या. आता वर नावं उरलीत आणि खाली पावलं, मधला माणूस गायब. १८२८ मध्ये विल्यम साइक्सने या लेखाची दखल घेतली, त्यानंतर अभ्यासकांची रीघ लागली.

ओळखीतलं कुणी ना कुणी हल्ली माचू पिच्चूला जाऊन येतं. इंकांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांचे आणि एकमेकांच्या रानात पाळीपाळीने राबण्याच्या ‘आयनी’ नावाच्या रिवाजाचे गोडवे गातं. जरूर जावं. पण आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी समाजात हाच रिवाज ‘पडकई’ म्हणून चालत आलेला आहे, हे पुण्यातल्या किती जणांना ठाऊक असेल? उताराच्या जमिनीवर दगडी बांध घालायचे, माती अडवायची आणि भाताचं खाचर तयार करायचं. एका घराचं हे काम नव्हे. आज सगळे माझ्या बांधावर, उद्या तुझ्या. पुढे सरकारने याच नावाने योजनाही आणली. या बांधांवर दात्याचं नाव कुणी कोरलेलं नाही.

उन्हाळ्यात गेलात तर भाताच्या रोपांसाठी रान भाजलेलं दिसतं. पालापाचोळा आणि शेणाचा थर जाळून केलेला हा राब. अंगणात बाळहिरडा वाळत घातलेला. आधी हिरवी असलेली ती कच्ची फळं सुरकुतून काळी होत जातात. एका घरी नाचणीची भाकरी खाताना मी भाव विचारला. मावशी म्हणाल्या, “भाव यापारी ठरवतो, आम्ही फक्त झाडावर चढायचं.” २०२० च्या जूनमधल्या निसर्ग वादळाने या झाडांची मोठी हानी केली. रोख पैसा देणारं पीकच मोडलं म्हटल्यावर भरपाईसाठी आंदोलनं झाली. सावकारीविरुद्ध १८७० च्या दशकात उभा राहिलेला होनाजी केंगले याच मुलखातला, आंबेगावातल्या जांभोरीचा.

आंबेगाव म्हणावं तर ते गाव आता नकाशापुरतंच. घोड नदीवरच्या डिंभे धरणाने ते पोटात घेतलं. तालुक्याला नाव त्याचं, कचेऱ्या घोडेगावात. जलाशयाला नाव दिलंय हुतात्मा बाबू गेनू यांचं. तेही इथलेच, महाळुंगे पडवळचे. पाणी उतरतं तशी काठची गाळाची जमीन उघडी पडते आणि धरणग्रस्त तिच्यात गाळपेर करतात. या लोकांबरोबर शेती आणि मासेमारीचं काम करणाऱ्या ‘शाश्वत’ संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. आहुप्याकडे जाणारा रस्ता याच पाण्याच्या कडेने जातो. घाई नसेल तर मध्ये उतरून गाळपेरीची रानं पाहावीत. फक्त पावसाळ्याआधी जावं, नंतर ती पुन्हा पाण्याखाली असतात.