वरनं एक रन

"वेल्डिंग मशीन कुठलं घेऊ?" हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत मला बऱ्याच मित्रांनी विचारलाय. कुणाला गॅलरीत कुंड्यांचा स्टँड करायचाय, कुणाला वर्क फ्रॉम होमसाठी टेबलाची फ्रेम. एकाला तर गावाकडच्या शेडचं गेट स्वतः करायचंय. रील्समध्ये दोन मिनिटांत चकाचक टेबल तयार होतं, मग आपल्याला का जमू नये, असा एकूण सूर.

मला विचारायचं कारण साधं आहे. मी सॉफ्टवेअरवाला असलो तरी माझ्या मामाचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. इंजिनिअरिंगच्या सगळ्या सुट्ट्या माझ्या तिथेच गेल्या आणि अजूनही कोल्हापूरला गेलो की पाय आधी तिकडे वळतात. मित्रांना मी एकच उत्तर देतो: मशीन सगळ्यात शेवटी घे. ते त्यांना आवडत नाही. अॅमेझॉनच्या कार्टमध्ये मशीन आधीच पडलेलं असतं. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहितोय.

उद्यमनगरातल्या दुकानांत दिवाळीनंतर कामाचा रंग बदलतो. ग्रिल, गेट, जिने मागे पडतात आणि ऊसाच्या ट्रॉल्या यायला लागतात. कारखाने सुरू झाले की ट्रॅक्टर रात्रंदिवस पळतात, एकामागे दोन-दोन ट्रॉल्या लावून. रस्ते खराब आणि वजन ठरल्यापेक्षा जास्त, त्यामुळे कुठे ना कुठे लोखंड तडकतंच.

मी सेकंड इयरला असताना डिसेंबरात एक ट्रॉली रात्री नऊच्या सुमारास दुकानासमोर येऊन थांबली. ट्रॅक्टरच्या हुकाला अडकतो तो पुढचा दांडा, त्याच्या मुळाशी बोटभर चीर होती. त्याच जागी कुणीतरी आधी वेल्डिंग केलेलं होतं, वर रंगही मारला होता. चीर त्या वेल्डिंगच्या कडेनेच गेली होती.

"काका, वरनं एक रन मारून द्या की," ट्रॉलीवाला म्हणाला. रन म्हणजे जोडावरून रॉड एकदा फिरवून टाकलेली वितळलेल्या लोखंडाची ओळ. दहा मिनिटांचं काम. त्याची घाई खोटी नव्हती. ऊस तोडून फडात पडला होता, आणि तोडलेला ऊस वाळेल तसं वजन घटतं. प्रत्येक तासाला त्याचे पैसे जात होते.

"पाव्हणं, वरनं मारलं तर ते वरच राहतंय," मामा म्हणाला. "दोन-तीन तास थांबत असला तर करतो. न्हाई तर दुसरीकडं बघा."

ट्रॉलीवाला चिडला. मामाने वाद घातला नाही. वायर ब्रशने रंग काढला, जागा स्वच्छ पुसली आणि लाल रंगाचा एक स्प्रे मारला. त्याला डाय पेनिट्रंट म्हणतात. हा पातळ रंग चिरेत झिरपतो. दहा-पंधरा मिनिटांनी वरचा रंग फडक्याने पुसून काढायचा आणि पांढऱ्या पावडरीचा दुसरा स्प्रे मारायचा. चिरेत राहिलेला रंग पांढऱ्यावर उमटून येतो.

उमटली ती बोटभर रेघ नव्हती. दांड्याच्या वरच्या बाजूने निघून ती कोपरा वळून खाली गेली होती. ट्रॉलीवाला वाकून बघत राहिला. मग त्याने फोन लावला आणि घरी सांगितलं, "यायला उशीर हुतोय."

पुढचं सगळं काम मला अजून पाठ आहे. चिरेच्या दोन्ही टोकांना ड्रिलने भोकं पाडली, कारण चिरेचं टोक अणकुचीदार असतं आणि ताण तिथेच गोळा होतो. गोल भोकापाशी तो पसरतो आणि चीर पुढे सरकायची थांबते. मग ग्राइंडरने चीर पूर्ण खोलीपर्यंत व्ही आकारात उकरून काढली. जुनं वेल्डिंगही काढून टाकलं. आत काळपट भोकं होती, स्लॅग अडकलेला होता. गॅसच्या टॉर्चने दांडा गरम केला. ओव्हनमधून ७०१८ नंबरचे रॉड काढले. तळाचा पहिला रन, स्लॅग ठोकून काढणं, ब्रश, मग पुढचा रन. मागच्या बाजूनेही उकरून पुन्हा वेल्डिंग. शेवटी वरून एक जाड पट्टी, आडवी सरळ न लावता शंकरपाळ्याच्या आकारात, म्हणजे दांड्याला आडवा छेद देणारी वेल्डिंगची रेघ राहत नाही. माझ्याकडे ब्रश आणि हॅलोजन धरायचं काम होतं. दीड वाजता ट्रॉली गेली. जाताना मामाने बजावलं, "सीझन संपला की दांडा बदला. ही मलमपट्टी हाय."

त्या रात्री प्रत्यक्ष आर्क पेटलेला होता तो वेळ मी नंतर मनात मोजला. अर्धा-पाऊण तास असेल. बाकी सगळा वेळ शोधणं, उकरणं, घासणं आणि गरम करणं यात गेला होता. आणि काम झाल्यावर वरून बघितलं तर ते जोड आणि दहा मिनिटांत मारलेला एक रन, दोन्ही जवळपास सारखेच दिसले असते.

आमच्या धंद्यात मध्यरात्री सर्व्हर पडला की आम्हीही वरनं एक रनच मारतो, त्याला हॉटफिक्स म्हणतो. फरक एवढाच की बिघडलं तर तो मागे घेता येतो. घाटात ट्रॉली सुटली तर मागे घ्यायला काही नसतं. आणि ट्रॉलीच्या मागे बहुतेक वेळा कुणीतरी बाइकवर असतं.

वरून चांगलं दिसणाऱ्या जोडाचा धडा मोठमोठ्या कारखान्यांनाही घ्यावा लागलाय. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने रिव्हेटऐवजी वेल्डिंग वापरून झपाट्याने जहाजं बांधली. जानेवारी १९४३ मध्ये ओरेगनमधल्या पोर्टलंडला 'स्केनेक्टडी' नावाचं नवं कोरं तेलवाहू जहाज धक्क्यालाच, शांत पाण्यात उभं असताना मोठा आवाज होऊन मधोमध तडकलं. थंडीत ठिसूळ होणारं पोलाद, ताण गोळा होतील असे कोपरे आणि सदोष वेल्डिंग, अशी कारणं पुढे आली. रिव्हेटच्या जहाजात चीर एका पत्र्याच्या कडेला येऊन थांबण्याची शक्यता तरी असते. वेल्डिंगने सगळे पत्रे एकजीव होतात, त्यामुळे चिरेलाही सलग रस्ता मिळतो.

आता खरेदीकडे येऊ. माझ्या यादीत पहिला नंबर डोळ्यांचा आहे. रॉडच्या वेल्डिंगला साधारण १० ते ११ शेडची काच लागते. ऑटो-डार्कनिंग हेल्मेट घेतलंत तर दोन्ही हात मोकळे राहतात आणि आर्क पेटण्याआधी रॉडचं टोक कुठे आहे ते दिसतं. नवशिक्याला याचा फार फायदा होतो. गॉगल लावून, डोळे मिटून, मान फिरवून टाके मारणारे कारागीर तुम्ही रस्त्यावर पाहिले असतील. त्यांचं बघून शिकू नका. आर्कमधल्या अतिनील किरणांनी डोळ्याच्या बुबुळावरचा पडदा भाजतो, पण ते लगेच कळत नाही. सहा-बारा तासांनी, बहुतेक वेळा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. दुकानांत त्यावर बटाट्याच्या चकत्या ठेवतात. थंड वाटतं इतकंच. दाखवायचं डोळ्यांच्या डॉक्टरला. शेजारी उभं राहून बघणाऱ्यालाही हे होतं, म्हणून घरातल्या पोरांना लांब ठेवा. अंगावर सुती कपडे हवेत. टेरिकॉटवर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं.

दुसरा नंबर ग्राइंडरचा. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो, म्हणजे चकतीची कड ताशी २०० किलोमीटरने पळत असते. म्हणून गार्ड काढायचा नाही आणि गार्ड काढून मोठी चकती तर कधीच बसवायची नाही. कापायच्या पातळ चकतीने घासायचं नाही, तिला बाजूने जोर सोसत नाही. चकतीच्या मधल्या धातूच्या रिंगवर मुदतीची तारीख असते, ती बघून घ्या. वेल्डिंगच्या जागेचा रंग, गंज, तेल, सगळं चमकतं लोखंड दिसेपर्यंत काढणं, हे अर्धं वेल्डिंग आहे.

तिसरं, गुण्या, टेप आणि चार-पाच चांगले क्लॅम्प. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं आणि फ्रेमला आपल्या बाजूला ओढतं. त्यामुळे आधी सगळीकडे छोटे टाके मारायचे, दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत का ते बघायचं, आणि मगच आलटून-पालटून समोरासमोरचे जोड पूर्ण करायचे. एका कोपऱ्यापासून सुरू करून ओळीने मारत गेलात तर टेबल चौथ्या पायावर डुलणारच.

चौथं, रॉड. शिकायला आणि घरगुती कामाला ६०१३. साध्या १६ गेजच्या म्हणजे सुमारे १.६ मिमीच्या चौकोनी पाइपला २ मिमीचा रॉड आणि ४० ते ६० अँपिअर पुरतात. जाड अँगलला २.५ मिमीचा रॉड आणि ७० ते ९०. रॉडवरचं लेपण जळून वायू होतो आणि वितळलेल्या लोखंडाला हवेपासून वाचवतो, उरलेला भाग वर स्लॅगची साय धरतो. हे लेपण पावसाळ्यात ओल धरतं. मामाने त्यासाठी एका जुन्या कपाटात १०० वॅटचा बल्ब लावून ठेवलाय. ६०१३ ला तेवढं चालतं. ७०१८ चं मात्र तसं नाही, त्याला खरा ओव्हनच लागतो. ओलीतला हायड्रोजन जोडात शिरला की संध्याकाळी ठणठणीत दिसणारा जोड काही तासांनी, कधी दोन दिवसांनी तडकू शकतो. तोवर गिऱ्हाइकाचे पैसे देऊन झालेले असतात.

पाचवं, अर्थिंगची केबल आणि तिचा क्लॅम्प. जोडाच्या जवळ, घासलेल्या लोखंडावर घट्ट लावायचा. करंट मध्ये बेअरिंगमधून किंवा बिजागरीतून जाणार असेल तर ठिणग्या तिथेही पडतात आणि बेअरिंग खराब होतं. गाडीवर काम असेल तर आधी बॅटरी सोडवायची. ओल्या जमिनीवर, घामाने भिजलेल्या हातमोज्यांनी रॉड बदलू नका. आर्क नसताना होल्डरवर साधारण ५० ते ८० व्होल्ट असतात, आणि भिजलेल्या माणसाला ते कमी नाहीत.

आता मशीन. छोटं इन्व्हर्टर घ्या. हलकं असतं आणि डीसीवर आर्क सहज धरतो. समोर मोठ्या अक्षरांत छापलेल्या २०० किंवा २५० वर जाऊ नका, मागची नेमप्लेट वाचा. तिथे ड्यूटी सायकल लिहिलेली असते. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं त्या करंटला चालेल, चार मिनिटं विश्रांती. घरच्या १६ अँपिअरच्या प्लगवर २.५ मिमीचा रॉड कसाबसा चालतो. त्याहून जाड रॉड लावायचा तर वायरमनकडून वेगळी लाइन ओढून घ्या. एक्स्टेंशनची गुंडाळी पूर्ण सोडा, गुंडाळलेली वायर तापते. आणि ग्राइंडरच्या ठिणग्या मशीनच्या पंख्याकडे जाऊ देऊ नका, लोखंडाची धूळ आत बसली की सर्किट बोर्ड जातो. मामाचा जुना तांब्याचा ट्रान्सफॉर्मर अशा धुळीत वीस वर्षं उभा आहे, पण तो उचलायला चार माणसं लागतात.

धुराचं वेगळं सांगतो, कारण तो दिसत असूनही कुणी मोजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. तंबाखू त्याच गटात आहे. दोघांचा धोका सारखा, असा याचा अर्थ नाही. पुरावा तितकाच पक्का, असा आहे. जीआय पाइपवर वेल्डिंग केलं की त्यावरचा जस्ताचा थर पांढरा धूर होऊन उडतो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. आमच्या दुकानात यावर गूळ खातात. कोल्हापूरचा गूळ कितीही चांगला असला तरी तो पोटात जातो, धूर फुप्फुसात गेलेला असतो. जस्त आधी घासून काढा, तेही मास्क लावूनच. वेल्डिंग उघड्यावर करा आणि पंखा असा लावा की धूर तोंडासमोरून बाजूला जाईल. मामा आता सकाळी बराच वेळ खोकतो. त्याच्याकडे काम शिकणारा पोरगा एकोणीस वर्षांचा आहे. गेल्या वर्षी मी त्याच्यासाठी हेल्मेट आणि मास्क नेला. हेल्मेट तो आवडीने घालतो. मास्क खिळ्याला टांगलेला असतो, आणि मी तिथे असलो की तेवढा वेळ तोंडावर येतो.

शेवटी, सगळं सामान आलं की टेबल करायला घेऊ नका. भंगारातून पाच-सहा मिमी जाडीच्या पट्ट्यांचे तुकडे आणा. एक आडवी ठेवून तिच्यावर दुसरी उभी धरा आणि फक्त एकाच बाजूने वेल्डिंग करा. थंड होऊ द्या. मग शिकंज्यात धरून, वेल्डिंग नसलेल्या बाजूकडून जोड उघडेल असा, वेल्डिंगच्या बाजूला पट्टी वाकेपर्यंत हातोडा मारा. तुटली तर आत बघा. दोन्ही पट्ट्यांची मूळ कड तळाशी जशीच्या तशी दिसत असेल, तर लोखंड एकमेकांत मिसळलंच नाही, वर नुसतं बसलंय. भोकं असतील तर ओल किंवा घाण. काळ्या रेघा असतील तर स्लॅग अडकलाय. मग करंट, वेग, कोन यातली एकच गोष्ट बदलून पुन्हा करा आणि पुन्हा तोडा.

मामाकडे नवा पोरगा आला की पहिला महिना हेच चालतं. तोडलेले तुकडे फेकत नाहीत. खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडून ठेवतात, पहिल्या दिवसाचा डावीकडे, आजचा उजवीकडे. गिऱ्हाईक विचारतं, हे काय भंगार मांडलंय? तो पोरगा प्रत्येक तुकडा उलटा करून आतली बाजू दाखवत बसतो.