जिथे मगरिब होत नाही

नॉर्वेच्या उत्तरेला, उत्तर ध्रुवाच्या अलीकडे स्वालबार्ड नावाचा बेटांचा समूह आहे. २०२५ च्या जुलैमध्ये आम्ही दोघं दहा दिवस तिथे बोटीने फिरलो. हज दोघांचा झालेला, मुली आपापल्या घरी, कुणाचं देणं नाही. तरी नातेवाइकांनी विचारलंच, एवढे पैसे खर्चून बर्फ बघायला कशाला जायचं? प्रश्न चुकीचा नव्हता. दोघांच्या भाड्यात गावच्या घराचं छप्पर दोनदा नवं झालं असतं.

आमचं गाव बाणकोटच्या खाडीकाठचं. तिथल्या बहुतेक घरांतला एखादा माणूस बोटीवर असायचाच. आमच्यातल्या एकाची बत्तीस वर्षं मालवाहू बोटींच्या इंजिन-रूममध्ये गेली. इंजिनवाल्याला समुद्र दिसत नाही, ऐकू येतो. आमच्यातली दुसरी तेवढीच वर्षं शाळेत भूगोल शिकवत होती आणि फळ्यावर आर्क्टिक वृत्त खडूने काढत होती. एकाला समुद्र वरून बघायचा होता, दुसरीला ते वृत्त ओलांडायचं होतं. याहून मोठं कारण आम्ही कुणाला सांगितलं नाही. एक होतं, ते पुढे येईल.

ऑस्लोहून विमान लॉंगइयरब्येनला उतरतं. ७८ अंश उत्तर अक्षांशावरचं, अडीच हजार वस्तीचं हे गाव कोळशावर उभं राहिलं. लॉंगइयर नावाच्या अमेरिकन उद्योजकाने १९०६ मध्ये इथे खाणकाम सुरू केलं, त्याचंच नाव गावाला पडलं. शेवटची नॉर्वेजियन खाण आम्ही पोचण्याच्या जेमतेम काही दिवस आधी, जूनअखेर बंद झाली होती. खाणकामगार कोळशाची धूळ घरात नको म्हणून बूट दारात काढायचे. ती रीत आजही चालू आहे. हॉटेलात, संग्रहालयात, सगळीकडे दारात बुटांची रांग. मशिदीच्या पायरीशी आल्यासारखं वाटलं आणि परकेपणा निम्मा तिथेच गेला.

गावाच्या वरच्या अंगाला एक लहान कब्रस्तान आहे, पांढऱ्या क्रूसांचं. तिथे आता शवपेटी पुरू देत नाहीत. जमीन खाली कायमची गोठलेली. वरचा थर उन्हाळ्यात वितळतो, हिवाळ्यात पुन्हा गोठतो आणि गोठताना पुरलेली वस्तू हळूहळू वर ढकलतो. १९१८ च्या साथीत गेलेले सात तरुण तिथे आहेत. ऐंशी वर्षांनी, १९९८ मध्ये, शास्त्रज्ञांनी त्या फ्लूचा विषाणू शोधायला त्यांच्या कबरी उकरल्या होत्या.

बोट लहान, शंभरेक प्रवाशांची. चढण्याआधी आमच्या कोटांचे खिसे आणि बाह्यांच्या चिकटपट्ट्या व्हॅक्यूमने साफ केल्या, परक्या गवताचं एखादं बी अडकलेलं असू नये म्हणून. बेटांवर बहुतेक ठिकाणी धक्के नाहीत. हवा भरलेल्या रबरी होडीतून किनाऱ्यापर्यंत जायचं, गुडघाभर पाण्यात उतरायचं, परत आल्यावर बूट घासून धुवायचे. उतरण्याआधी बंदूकधारी वाटाडे पुढे जाऊन अस्वल नाही ना, हे बघून येतात. पांढरं अस्वल इथे १९७३ पासून संरक्षित आहे आणि २०२५ पासून, जुलै सुरू झाल्यावर त्याच्यापासून ३०० मीटर दूर राहावं लागतं, त्याआधीच्या वसंतात ५००. त्यामुळे आम्हाला अस्वल दिसलं ते दुर्बिणीतून, बर्फाहून पिवळट असा एक ठिपका, चालणारा. फोटोत तर काहीच आलं नाही. आम्हाला हा नियम फार आवडला. जनावराच्या घरी गेल्यावर जनावराने आपल्यासाठी वाट सोडावी, ही अपेक्षाच उद्धट आहे.

जेवणाची अडचण वाटली होती, तीही झाली नाही. मांस नको म्हणून आधीच कळवलं होतं. मासे, भाज्या, डाळीचं सूप भरपूर. भटारखान्यात गोव्याचा एक तरुण निघाला. आमच्याकडचं लिंबाचं लोणचं त्याने मागून नेलं आणि त्या दिवसापासून आमच्या भाताबरोबर तळलेला मासा आपल्या चवीचा येऊ लागला.

आता नमाजबद्दल, कारण घरी परतल्यापासून सगळ्यांनी आधी तेच विचारलं आहे.

लॉंगइयरब्येनमध्ये साधारण २० एप्रिलपासून २२ ऑगस्टपर्यंत सूर्य मावळत नाही. तो घाण्याच्या बैलासारखा आकाशात गोल फिरतो. दुपारी एकच्या सुमारास दक्षिणेला सर्वांत वर, रात्री एकच्या सुमारास उत्तरेला सर्वांत खाली, पण क्षितिजाच्या चांगला वरच. मग मगरिब कधी? इशा कधी? हा प्रश्न नवा नाही. दज्जालच्या काळातल्या वर्षाएवढ्या लांब दिवसाची हदीस अनेकांना ठाऊक असेल. तेव्हा एका दिवसाच्या पाच नमाज पुरतील का, असं सहाबांनी विचारलं आणि वेळेचा अंदाज बांधून नमाज अदा करावी, असं उत्तर मिळालं. उलमांनी याच आधारावर मार्ग काढले आहेत. कुणी मक्केच्या वेळा धरायला सांगतात, कुणी जवळात जवळच्या अशा गावच्या, जिथे सूर्य उगवतो आणि मावळतो. निघण्याआधी गावच्या मौलानांना विचारलं. ते म्हणाले, एक धरा आणि मग रोज बदलू नका.

पण जुहर आणि असरला अंदाजाची गरजच पडली नाही, ही आमच्यासाठी मोठी गंमत होती. सावली होती ना! भूगोलाच्या बाईंनी चालायची काठी डेकवर उभी धरली, इंजिनियरने टेपने सावली मोजली. सर्वांत आखूड सावली काठीच्या दीडपटीहून थोडी जास्त, दुपारी एकनंतर. ती वाढू लागली की जुहर. त्या आखूड सावलीत काठीची एक लांबी मिळवली की आपल्या शाफई मजहबप्रमाणे असर. ती लागायची संध्याकाळी सातच्या सुमारास! मक्केत तेव्हा मगरिब होऊन गेलेली. म्हणून आम्ही जवळच्या गावाचा मार्ग धरला, नॉर्वेच्या मुख्य भूमीवरच्या ट्रॉन्डहाइमचा. तिथे त्या दिवसांत सूर्य रात्री अकरानंतर मावळत होता. मुसाफिर म्हणून मगरिब-इशा एकत्र अदा करायचो, खिडकीचा जाड पडदा ओढून, आणि पडद्याच्या फटीतून मुसल्यावर उन्हाची रेघ पडलेली असायची.

किब्ला? इथे आपण पश्चिमेकडे तोंड करतो. तिथून काबा दक्षिणेला, जरासा पूर्वेकडे. खोलीतल्या टीव्हीवर बोटीची दिशा दिसायची, त्यावरून हिशेब करायचो. एकदा दुसऱ्या रकातीत बोट वळलेली जाणवली, आणि पडद्यामागचं ऊन आमच्या उजव्या खांद्यावरून डाव्यावर आलं. आम्हीही तेवढे वळलो.

या बोटींवर कप्तानाची खोली प्रवाशांना बघू देतात. एका सकाळी हिमनदीसमोर बोट उभी होती, म्हणून आम्ही वर गेलो. नकाशाच्या पडद्यावर आमच्या बोटीची खूण चक्क बर्फाच्या आत दिसत होती. समोर पाहिलं तर भोवती सगळं पाणी, आणि हिमनदीचा निळा कडा दूर मागे. नकाशा खोटा नव्हता, जुना होता. मोजणी झाली तेव्हा तिथे बर्फ होता. कड्यातून मोठा तुकडा सुटला, आधी पडताना दिसला आणि मग क्षणाने गडगडाट आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हाला वाजवता आल्या नाहीत. बोट रोज किती इंधन खाते, हे आमच्यातल्या एकाला सवयीने कळत होतं. जड काळं तेल इथल्या समुद्रात २०२२ पासून बंद आहे, हलकं डिझेल वापरतात; पण हलकं असलं तरी ते जळतंच. वितळणारं बघायला आम्ही काहीतरी जाळत आलो होतो. यावर आमच्यात त्या रात्री बोलणं झालं, परत आल्यावरही होतं, आणि एकमत झालेलं नाही.

सहाव्या दिवशी माग्दालेनफ्योर्डमध्ये उतरलो. उंच टोकदार डोंगर, मधे शांत पाणी, आणि वाळूची एक जीभ. तिचं नाव ग्राव्हनेसेट, म्हणजे कबरींचं टोक. १५९६ मध्ये बारेंट्स या डच दर्यावर्दीला ही बेटं दिसली आणि पुढच्या शतकात युरोपातून व्हेलच्या शिकारी आल्या. व्हेलची चरबी किनाऱ्यावर कढवून तेल काढायचे. त्या भट्ट्यांचे अवशेष अजून आहेत, तेल आणि वाळू मिळून दगडासारखे झालेले. त्यांच्या शेजारी सुमारे १३० कबरी. दगडांचे ढीग फक्त. पूर्वीच्या पर्यटकांनी नासधूस केली, म्हणून आता कुंपण आहे, बाहेरूनच बघायचं.

वाटाड्या बाईंनी इथूनच थोड्या उत्तरेच्या एका बेटावरची गोष्ट सांगितली. तिथल्या डच कबरी १९८० मध्ये पुरातत्त्वज्ञांनी उघडल्या तेव्हा सांगाड्यांच्या डोक्यावर लोकरीच्या विणलेल्या टोप्या तशाच होत्या. थंडीमुळे ही माणसं इतकी गुंडाळलेली असत की डोळे तेवढे दिसत. कोण कोण, हे टोपीच्या पट्ट्यांवरून ओळखायचे. त्या टोप्या आज ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयात आहेत. कुणाच्या तरी आईने, बायकोने विणलेल्या असतील.

न सांगितलेलं कारण इथे येतं. आमचे आजोबा एका आगबोटीवर आगवाले होते, बॉयलरमध्ये कोळसा मारणारे. १९४२ मध्ये, लढाईच्या दिवसांत, त्यांची बोट उत्तर अटलांटिकमध्ये बुडाली. बातमी गावात पोचायला महिने लागले. जमात जमली, मशिदीत गायबाना नमाज-ए-जनाजा झाली. बुडून गेलेला शहीद असतो, हे दादीला सगळ्यांनी सांगितलं आणि तिने ते मानलंही. पण जुम्याच्या दिवशी बायका आपापल्या माणसांची चौकशी करत, कबरीवर गवत वाढलं का, पावसात माती खचली का, तेव्हा ती उठून आत जायची. त्यांची मुलगी, आमची फुफी, तेव्हा तीन वर्षांची होती. आज शहाऐंशीची आहे. आम्ही निघताना तिने एवढंच विचारलं होतं, "माझे अब्बा ज्या पाण्यात आहेत, ते पाणी तिकडचंच ना?" भूगोलाच्या बाईंनाही तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं. अटलांटिक केवढा मोठा!

ग्राव्हनेसेटला कुंपणाबाहेर आम्ही बराच वेळ उभे राहिलो. ती माणसं आमच्या धर्माची नाहीत, आमच्या मुलखाची नाहीत. पण पोटासाठी थंड पाण्यावर आलेली होती आणि घरी परत गेली नाहीत. आजोबांसाठी आम्ही तिथेच दुआ केली. ओठ थंडीने नीट हलत नव्हते.

परतीच्या वाटेवर न्यू-ओलेसुंद लागलं. हे संशोधकांचं गाव. इथे फोनचे वायरलेस बंद ठेवावे लागतात, शास्त्रज्ञांच्या उपकरणांना अडथळा होतो. भारताचं 'हिमाद्री' केंद्र इथे २००८ पासून आहे. परक्या देशाच्या बेटावर आपलं केंद्र कसं, असं वाटेल. पण १९२० च्या करारात ही बेटं नॉर्वेकडे देताना सह्या करणाऱ्यांत तेव्हाचा ब्रिटिश हिंदुस्थानही होता. केंद्र बाहेरूनच पाहिलं, तिरंगी पाटीसमोर फोटो काढला. मग त्या संध्याकाळच्या व्याख्यानात एक नकाशा दाखवला गेला आणि आम्ही दोघं एकाच वेळी एकमेकांकडे वळलो.

अटलांटिकचं उबदार पाणी एका प्रवाहाने नॉर्वेच्या काठाने उत्तरेला जातं. त्याची एक शाखा थेट स्वालबार्डच्या पश्चिम किनाऱ्याला येऊन भिडते. म्हणूनच इतक्या उत्तरेला असूनही हा किनारा बराचसा बर्फमुक्त राहतो. न्यू-ओलेसुंदसमोरच्या खाडीत आपल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये पाण्याखाली उपकरणं सोडली, ती या पाण्याच्या येण्याचीही नोंद ठेवतात. ते काम बघणारी संस्था गोव्यात वास्कोला आहे, आमच्या गावापासून एका दिवसाच्या अंतरावर.

शेवटच्या दिवशी होडीतून जाताना हात पाण्यात घातला. काही सेकंदांत बोटं बधिर झाली.

लॉंगइयरब्येनला फोन लागला. फुफीला आम्ही जमेल तसं समजावलं. प्रवाह, नकाशा, गोव्याच्या लोकांनी लावलेली यंत्रं. तिकडचं पाणी इथपर्यंत येतं, एवढं तिला कळलं. ती थोडा वेळ गप्प होती. पाठीमागे पावसाचा आवाज येत होता.

"गार होतं का रे पाणी?"

"गार होतं फुफी. पण त्यावर बर्फ नव्हता."

"हां," ती म्हणाली, आणि मग विचारलं, तिकडे आता किती वाजले, मगरिब झाली का.