काचेस छिद्र

जुनी वस्तु जपावी म्हणजे ती जशीच्या तशी ठेवावी, कीं ती उपयोगांत राहावी म्हणून तिच्यांत फेरफार करावा? हा प्रश्न पनवेलास आमच्या घरीं एका काचेच्या मत्स्यपेटीवरून उभा राहिला. ही पेटी आमच्या कैलासवासी वडिलांनीं स्वहस्तें जोडलेली. लांबी 90, रुंदी 30 व उंची 38 सेंटिमीटर. पाणी सुमारें 100 लिटर. मासे वाढले होते, आणि त्यांच्या विष्ठेपासून होणारा अमोनिया लहानशा गाळणीस आवरेना. म्हणून मागील काचेस छिद्र पाडून पाणी खालच्या गाळणपात्रांत उतरवावें व पंपानें पुन्हां वर न्यावें, असा आमचा बेत होता. आई मात्र म्हणे, "काच तडकली तर त्यांच्या हातची वस्तु पुन्हां मिळणार आहे का?"

कांठावरून वांकडी नळी टाकूनहि पाणी उतरवितां येतें, हें खरें. परंतु तींत हवा शिरली कीं प्रवाह थांबतो, पंप मात्र पाणी वर ढकलीतच राहतो, आणि घरांत पूर येतो. छिद्रांतून पाणी आपोआप उतरतें.

वडिलांनीं कांहीं काचा जुन्या दुकानाच्या मांडणीच्या वापरल्या होत्या. त्यांत टफन्ड काच असेल तर छिद्राचा विचारच सोडणें भाग होतें. फ्रान्समधील द ला बास्ती यांनीं 1874 सालीं तापलेली काच तेलांत बुडवून बळकट करण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. हल्लीं तें काम हवेच्या झोतांनीं होतें. अशा काचेचा पृष्ठभाग दाबलेला व अंतर्भाग ताणलेला असतो. हा तोल बिघडला कीं सबंध काचेचा चुरा होतो. आम्हीं पेटी रिकामी करून संगणकाचा पांढरा पडदा एकेका काचेमागें धरला व पोलराइज्ड चष्म्यांतून पाहिलें. तळाच्या काचेंत काळसर पट्टे उमटले. मागील काच स्वच्छ दिसली. हें स्वतः पाहिल्यावर आईनें संमति दिली.

पेटी आडवी करून छिद्राच्या जागेभोंवतीं शाडूच्या मातीचें आळें केलें व त्यांत पाणी भरलें. काच उष्णता लवकर वाहून नेत नाहीं. एकच जागा तापली तर ती तडकते. हिऱ्याच्या कणांचें नळीसारखें पातें काच कापीत नाहीं, झिजवितें. म्हणून वेग मंद व दाब हलका हवा. छिद्राचें कांठापासूनचें अंतर निदान त्याच्या व्यासाइतकें ठेविलें. पाण्याजवळचें काम असल्यामुळें यंत्र बॅटरीवर चालणारें घेतलें. पातें पलीकडे निघेपर्यंत घरांत कोणी बोललें नाहीं.

पावसाळ्यांत वीज जाते, याचाहि हिशेब केला. पाणी आणणाऱ्या नळीचें तोंड पृष्ठभागाखालीं 4 सेंटिमीटर असेल, तर पंप थांबतांच 90 गुणिलें 30 गुणिलें 4, म्हणजे 10,800 घनसेंटिमीटर, सुमारें 11 लिटर पाणी खालीं येऊं शकतें. तितकी जागा खालच्या पात्रांत सदैव रिकामी असते.

विद्यार्थिमित्रांनो, असें काम वडीलधाऱ्या माणसांच्या देखत व डोळ्यांस चष्मा लावूनच करावें. धैर्य हवें, पण तें परीक्षेनंतरचें. छिद्रांतून निघालेली काचेची वाटोळी चकती आईनें आपल्या शिवणाच्या डब्यांत ठेविली आहे. पेटींत मासे सुखानें फिरत आहेत.