जाफन्यांतील तीन दिवस

गेल्या फेब्रुवारी महिन्यांत आमच्या मंडळीतील आठ जणांबरोबर लंकेच्या उत्तर टोकास, जाफना येथें, सेवेसाठीं जाण्याचा योग आम्हांस आला. शुक्रवारीं दुपारीं पोहोंचलों व सोमवारीं परत फिरलों. म्हणजे मधले पुरे दिवस दोनच. आपल्या शाळेंतील मुलांनीं खाऊच्या पैशांतून घेऊन दिलेल्या वह्या व रंगीत खडूंच्या पेट्या आमच्याबरोबर होत्या. तेव्हां परत आल्यापासून मुलें व त्यांचे पालक आम्हांस, "तेथें काय काम केलें?" असें विचारीत आहेत, हें योग्यच आहे. वह्या पोहोंचल्या, व ज्यांस मिळाल्या तीं मुलें आनंदलीं. परंतु एवढ्यावर उत्तर संपविलें तर तें अर्धवट होईल, म्हणून हा लेख.

जाफना आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांस अगदींच परकें नाहीं. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे 12 फेब्रुवारी 1813 रोजीं मुंबईस उतरले, हें वरच्या वर्गांतील मुलांस ठाऊक आहे. त्यांचे सोबती सॅम्युएल न्यूएल यांस कंपनी सरकारनें कलकत्त्यास राहूं दिलें नाहीं. मॉरिशसकडे जातांना त्यांचें तान्हें मूल समुद्रावर वारलें, आणि 1812 च्या नोव्हेंबरांत, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षीं, त्यांची पत्नी हॅरिएट हिला त्या बेटावर मूठमाती द्यावी लागली. न्यूएल एकटेच लंकेस गेले, व तेथून 1814 सालीं मुंबईस येऊन हॉलसाहेबांस मिळाले. पुढें 1816 सालीं त्याच मिशनची माणसें जाफन्यास गेलीं व तेल्लिप्पळै येथें त्यांनीं ठाणें मांडलें. आपला 'ज्ञानोदय' 1842 सालचा. जाफन्याचें 'उदयतारकै' हें पत्र त्याहून एका वर्षानें वडील.

त्या मंडळींस प्रवासालाच महिनेच्या महिने लागत. आम्ही चेन्नईहून पंख्याच्या लहानशा विमानांत बसलों, आणि सोबत्यांच्या गप्पा रंगल्या न रंगल्या तोंच पलालीच्या धांवपट्टीवर उतरलों. परतीचें तिकीट खिशांत होतें आणि हातांत छापील कार्यक्रम होता, त्यांत प्रार्थनेससुद्धां मिनिटें नेमून दिलेलीं होतीं.

जाफन्याच्या प्रदेशास नदी नाहीं. चुनखडीच्या दगडांत खोदलेल्या विहिरींवर सारें जीवन चालतें. तांबडी माती, कांद्याचे व तंबाखूचे वाफे, ताडांच्या रांगा, आणि घरांभोंवतीं ताडाच्या झावळ्यांचीं उंच कुंपणें. शुक्रवारीं सायंकाळीं वड्डुकोट्टै येथें 1823 सालीं निघालेल्या जुन्या सेमिनरीची जागा पाहिली. मानिपाय येथील डॉक्टर सॅम्युएल ग्रीन यांचीहि हकीकत ऐकली. एकोणिसाव्या शतकांत या गृहस्थांनीं तमिळ विद्यार्थ्यांस तमिळ भाषेंतूनच वैद्यक शिकविलें, व त्यासाठीं पाश्चात्य वैद्यकाचे ग्रंथ त्या भाषेंत आणले. आम्हांस त्या भाषेंतील दोनच शब्द येत होते, आणि त्यांतील दुसऱ्याचा आमचा उच्चार ऐकून मुलें तोंडावर हात धरून हंसत.

शनिवारीं सकाळीं तेल्लिप्पळैच्या परिसरांतील एका लहानशा शाळेंत मुलांचा वर्ग घेतला. तेथील एक तरुण शिक्षिकाबाई आमचें इंग्रजी तमिळांत सांगत होत्या. वह्या वांटून आम्हीं मुलांस आपापलें घर काढावयास सांगितलें. एका मुलीनें दोन घरें काढलीं. दोन कां, असें विचारतां ती म्हणाली, "हें आम्ही राहतों तें, आणि हें आमचें." आम्हांस हा बालिश खेळ वाटला. तिला एक जादा खडू देऊन आम्ही पुढच्या बाकाकडे वळलों.

दुपारीं घरोघरीं भेटी होत्या: सहा घरें, प्रत्येकीं पंधरा मिनिटें. चौथें घर एका वृद्ध बाईंचें होतें. तिकडे आजीस 'आच्ची' म्हणतात. आम्हींहि तसेंच म्हटलें. आच्चींचें वय ऐंशींच्या पुढें. आम्हां सर्वांस बसतां यावें म्हणून त्यांनीं शेजारून खुर्च्या मागून आणविल्या होत्या. चहा झाला. मग त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही विमानानें आलां ना? मग उतरतांना धांवपट्टीच्या पलीकडे एक विहीर आणि तिच्या कांठीं आंब्याचीं दोन झाडें दिसलीं का?"

म्हातारपणीं माणूस कांहींहि विचारतें, असें मनांत येऊन आम्हीं उत्तर दिलें, "आच्ची, झाडें पुष्कळ दिसलीं." त्या आणखी कांहीं सांगूं लागल्या. आम्हीं घड्याळाकडे पाहिलें. चार वाजून वीस मिनिटें झालीं होतीं व दोन घरें उरलीं होतीं. आम्हीं मस्तक लववून प्रार्थना केली आणि उठलों. आच्चींनीं आमचा हात कांहीं वेळ आपल्या हातांत तसाच ठेवला होता. तो प्रेमाचा निरोप आहे, असें आम्ही समजलों.

रात्रीं पिट्टू व नारळाची चटणी असें जेवण चाललें असतां शिक्षिकाबाईंनीं आपण होऊन विषय काढला. आच्चींचें गांव त्या धांवपट्टीच्या बाजूस. 1990 सालीं लढाई पुन्हा पेटली, तेव्हां गांव सोडावें लागलें. चार दिवसांत परत येऊं, अशा समजुतीनें आच्चींनीं कोंबड्यांपुढें दाणे टाकले व दार नुसतें ओढून घेतलें. सारा मुलूख लष्कराच्या कुंपणांत गेला. 2009 सालीं युद्ध संपल्यावर टप्प्याटप्प्यानें जमिनी परत मिळूं लागल्या. सर्वांस मात्र नाहीं. आच्चींस अद्याप मिळाली नव्हती. "त्या हें कोणापाशीं बोलत नाहींत," बाई म्हणाल्या. "तुम्ही वरून पाहून आलां, म्हणून त्यांनीं विचारलें."

आम्हीं वाढलेलें तसेंच राहिलें. मुलानें प्रश्न विचारला तर तो शेवटपर्यंत ऐकून घ्यावा, हें आपल्या शाळेंत येणाऱ्या नव्या शिक्षकांस आम्हीच सांगत असतों. सकाळचीं तीं दोन घरेंहि आतां कळलीं.

रविवारीं उपासनेंत आम्हांस उपदेश करावयाचा होता. तो आम्हीं पुष्कळ दिवस तयार केला होता. आमचीं चार-चार अलंकारिक वाक्यें दुभाष्यांच्या तोंडून एका लहानशा वाक्यांत बाहेर पडत, आणि मंडळी समाधानानें मान हालवी. उपदेश त्यामुळें सुधारला असावा! गुडघ्यांच्या दुखण्यामुळें आच्ची देवळांत येत नसत. दुपारीं निरोपसमारंभ व छायाचित्र होतें. तें सोडून आम्ही शिक्षिकाबाईंस घेऊन सायकलीनें आच्चींकडे गेलों. आमच्या प्रमुखांस हें रुचलें नाहीं. सूचनाफलकावर लाविलेल्या छायाचित्रांत आम्ही कां नाहीं, असें कित्येक मुलांनीं विचारलें. त्याचें कारण हेंच.

आम्हीं आधीं क्षमा मागितली. आच्चींनीं ती गोष्ट हातानेंच बाजूस सारली व बोलूं लागल्या. विहिरीचें पाणी गोड होतें. तंबाखूस पाणी देण्यासाठीं पहांटे उठावें लागे. धाकट्या मुलाचा पाळणा त्या आंब्याला बांधीत. अर्ध्या तासानंतर शिक्षिकाबाई भाषांतर करावयाचें विसरून गेल्या. आम्हींहि त्यांस आठवण केली नाहीं. अंधार पडूं लागला तेव्हां उठलों.

सोमवारीं विमानांत आम्हीं खिडकीजवळची जागा मागून घेतली. विमान उठलें, कललें, आणि एक-दोन मिनिटांत खालीं समुद्र आला. तेवढ्यांत जें दिसलें तें दिसलें.

आठ जणांच्या प्रवासखर्चांत त्या शाळेच्या एका शिक्षिकेचा कित्येक महिन्यांचा पगार निघाला असता. हा हिशेब आम्हीं आमच्या कमिटीपुढें मांडला आहे. पुढील वर्षीं कोणास पाठवावयाचेंच असेल, तर एकास पाठवावें व जास्त दिवस ठेवावें, असें आमचें मत आहे. तें सर्वांस पटलें आहे असें नाहीं.

घरीं आल्यावर शिक्षिकाबाईंच्या पत्त्यावर आच्चींस पत्र लिहिलें. तांबड्या मातीचे चौकोन दिसले, ताड दिसले, बिनछपराच्या दोन-तीन भिंती दिसल्या. विहीर दिसली असें आम्हांस म्हणतां येत नाहीं, आणि आंब्याचीं झाडें कोणतीं हें ओळखतां आलें नाहीं, असें खरें तेंच लिहिलें. तीन आठवड्यांनीं उत्तर आलें. आच्चींनीं पत्र दोनदां वाचून घेतलें होतें. मग त्यांनीं विचारलें होतें कीं, आम्ही विमानाच्या कोणत्या बाजूस बसलों होतों?

डाव्या बाजूस, असें आम्हीं कळविलें आहे.