बाबांच्या डब्यातलं रामाचं नाणं

वाई, मंगळवार

चि. ओवी,


परवा व्हिडिओ कॉलवर बाबांचा डबा उघडायला लावलास, राम-सीतेचं ते नाणं कॅमेऱ्यासमोर धरायला लावलंस आणि विचारलंस, "आत्या, त्या व्हिडिओतला माणूस म्हणतो तसे याचे खरंच लाखो रुपये येतात का गं?" मी "बघते" म्हणून फोन ठेवला. रागावले नव्हते. पण उत्तर फोनवर देण्याजोगं नव्हतं. रात्री झोप लागेना, तेव्हा वही काढली.

आधी एक सांग, आपलं आडनाव पोतदार, म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे का? डब्लिनच्या ऑफिसात लोक त्याचा उच्चार कसा करतात ते मागे हसत सांगितलं होतंस, अर्थ मात्र कधी विचारला नाहीस. सरकारी खजिन्यात भरणा आला की नाणं न् नाणं पारखून घेणारा तो पोतदार. पेशवाईत एक का रुपया होता? अंकुशी, चांदवडी, हाली सिक्का. प्रत्येकाचा कस वेगळा, भाव वेगळा. कमी कसाच्या नाण्यावर जी कापणी होई तिला बट्टा म्हणत. "नावाला बट्टा लावू नकोस" म्हणतो ना आपण, तो हाच. माझे आजोबा रुपया बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने टिचकी मारायचे आणि आवाज विरेपर्यंत डोळे मिटून बसायचे. अशा घरातली मी, त्यात बत्तीस वर्षं बँकेत कॅशियर. आता पुढचं ऐक.

डब्यातले चांदीचे रुपये आठवतात? राणीचा मुखडा असलेले? लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आई ते परातीत ओतायची आणि चिंचेच्या कोळाने घासायला मला बसवायची. मी जीव तोडून घासायचे. दर दिवाळीला राणी थोडी थोडी झिजायची. आधी भुवई गेली, मग कानावरचे केस, शेवटी नाक. तुझे बाबा तिला "आपली नकटी" म्हणायचे. नाणी लखलखीत झाली की आईला कोण आनंद! पुढे कळलं की जुन्या नाण्यावर चढलेला काळपट थर ही त्याची अब्रू असते. संग्राहक घासलेलं नाणं हातात घेतो, कड बघतो आणि खाली ठेवतो. मी दहा-बारा वर्षं इमानेइतबारे आमच्याच नाण्यांची किंमत कमी करत होते. तुझ्याकडे पुतळ्यांच्या माळेतली जी एक पुतळी आहे, तिला पावडर लावू नकोस, टूथपेस्ट तर नाहीच नाही.

आणि जुनं म्हणजे महाग, हे डोक्यातून काढ. आपल्या रुपयांवर १८६२ आहे. वाचून छाती दडपते, पण ते साल टाकून पुढे १८७४ पर्यंत रुपये पाडत राहिले, त्यामुळे ते पोत्यांनी आहेत. उलट १९३९चा सहाव्या जॉर्जचा रुपया माझ्या मोठ्या भावाच्या वयाचा, तरी दुर्मीळ. म्हणून तर १९३८च्या रुपयावरचा आठ कोरून त्याचा नऊ करतात. अशा नाण्याची चांदी खरी, वजन खरं, आवाजही खरा. खोटा तेवढा एक आकडा. तिथे टिचकी काय करणार? भिंग लावून तो आकडा शेजारच्या आकड्यांशी ताडून बघावा लागतो.

आता माझी फजिती. साल ८४ असेल, नाहीतर ८५. इंदिराबाई गेल्या त्याच्या आगेमागे. आईचं ऑपरेशन होतं. मी त्यातले चांदीचे अकरा रुपये आणि तांब्याची मूठभर नाणी घेऊन मोठ्या शहरात एका दुकानात गेले. मालकाने चहा मागवला. मला "ताई" म्हटलं. सगळे रुपये एकदम तराजूत टाकले, "कस कमी आहे, घट धरावी लागेल" म्हणाला. अगं, राणीच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. हे पोतदारांच्या मुलीला सांगावं लागतं? पण डोक्यात आईचं ऑपरेशन होतं, आणि त्याची बोटं एवढी सराईत फिरत होती की मान हलवली. मग तो सहज म्हणाला, "हे ढब्बू पैसे कुठे परत नेताय, राहू द्या इथंच." राहू दिले.

एक ढब्बू डब्याच्या कागदाखाली अडकून राहिला होता. तो पुढे कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांना दाखवला. त्यांनी खिडकीपाशी नेऊन तिरप्या उन्हात धरला आणि वाचला: एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्रपति". शिवराई होती गं ती! मूठभर शिवराया मी चहाच्या कपावर सोडून आले. पैशाने पाहिलं तर फार मोठं नुकसान नाही. शिवराया अफाट संख्येने पाडल्या गेल्या, इंग्रजी आमदानीतही चालत होत्या, साध्या शिवराईला आजही लाख कोणी देत नाही. शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन मात्र अतिदुर्मीळ, आणि म्हणूनच पिवळ्याधमक नकली होनांचा सुकाळ आहे. पण त्या दिवसापासून मी कुणालाही नाणी एकगठ्ठा दाखवत नाही. एकेक काढते, निदान तिघांना दाखवते, आणि "ठेवून जा, उद्या सांगतो" म्हटलं की उठते. मागितलेला भाव सोड, लिलावात प्रत्यक्ष काय मिळालं ते बघ.

आता तुझं रामाचं नाणं. एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण, मारुती; दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा, १८१८. ओवी, असं नाणं कंपनीने कधी पाडलंच नाही. अकबराने राम-सीतेचं नाणं काढलं होतं, ते खरं. कंपनीने नाही. १८३५चा खरा अर्धा आणा बघ, त्यावर कंपनीचं सिंहांचं चिन्ह आहे. आपलं नाणं ओतीव आहे. कडेला साच्याची रेघ आहे, अक्षरं साबणासारखी गुळगुळीत, मारुतीच्या गदेजवळ हवेच्या बुडबुड्याचे खड्डे. ठसा मारून पाडलेल्या नाण्यावर असे खड्डे येत नाहीत. असल्याच नाण्यांना तांदूळ चिकटतात असं सांगून "राइस पुलर"च्या नावाखाली लोकांना लुबाडतात.

तुझ्या बाबांनी ते पहिल्या पगारातून पुण्याच्या जुन्या बाजारात घेतलं. माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "ताई, पोतदार आहेस, सांग." मी कड पाहिली. म्हटलं, "छान आहे रे." शेवटपर्यंत ते देवात होतं. मी काही बोलले नाही. आज तुला सांगते आहे, कारण व्हिडिओतला माणूस तुझ्याकडून आधी "नोंदणी फी" मागेल. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहाराशी तिचा संबंध नाही आणि ती असलं कमिशन घेत नाही. एक युरोही पाठवू नकोस.

"आले की सगळं घेऊन जाईन" म्हणालीस, तेही जमणार नाही. १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर नेता येत नाही. तुझी ती पुतळी आईने तुझ्या गळ्यात घालून पाठवली तेव्हा आम्हा कुणालाच हे ठाऊक नव्हतं. तिच्यावरची माणसं राम-सीता, असं आई सांगायची. मुळात तो व्हेनिसचा डुकाट, आणि गुडघे टेकलेला तो तिथला डोज, म्हणजे सत्ताधीश. आपल्या माळेवरची अक्षरं लॅटिनसारखी दिसतात, पण वाचायला गेलं तर काहीच लागत नाही. म्हणजे इकडच्याच कुणा कारागिराने केलेली नक्कल. सोनं मात्र सोनं आहे. तिथल्या सोनाराला वितळवायला देऊ नकोस.

तू तिकडे जेवतेस काय, झोपतेस कधी, मराठी कुणाशी बोलतेस, हे मी विचारलं की "आत्या, चिल" म्हणतेस. ठीक. पण दिवाळीला ये. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे, तिथे तुला दोन दिवस नेईन. खोटं ओळखायला खरं पुष्कळ बघावं लागतं. शिवराई तुझ्या नावाने वेगळ्या पाकिटात ठेवली आहे. रामाचं नाणं पुन्हा देवात ठेवलं. यंदा चिंच भिजवणार नाही.

तुझी,
आत्या