पत्र्याला टाका

निवृत्त माणसांचे आमच्या सोसायटीत दोन पंथ आहेत. एक पहाटे टेकडीवर जाणारा आणि दुसरा टेकडीवर जाणाऱ्यांना गॅलरीतून नावं ठेवणारा. मी सोयीप्रमाणे दोन्हीकडे असे. पण साठी उलटल्यावर मी वेल्डिंग शिकायला लागलो आणि दोन्ही पंथांनी मला एकमताने वाळीत टाकलं.

याला कारण आमची फियाट. कागदोपत्री ती ‘प्रीमियर पद्मिनी’, 1974 सालची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. पण घराणं मूळचं इटलीचं, फियाट 1100 चं. त्यामुळे आमची पिढी तिला अजून माहेरच्याच नावाने हाक मारते. मुंबईतली तिची शेवटची टॅक्सी-बहीण 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून निवृत्त झाली. आमची मात्र पुण्यात अजून भाजी आणते.

आमच्या अण्णांनी ती नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून घेतली होती. पुढे घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते आधी गाडी दाखवत आणि मग चहा देत. गाडी दाखवताना एक वाक्य ठरलेलं असे : ‘‘कंपनीतून आली तशी आहे. पत्र्याला हात लावलेला नाही.’’ जाण्यापूर्वी आठ दिवस त्यांनी हेच वाक्य सलाइन लावायला आलेल्या नर्सलाही ऐकवलं होतं.

तर गेल्या पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी घातली आणि खालून एक चिळकांडी उडून थेट हिच्या साडीवर. ही शांतपणे म्हणाली, ‘‘अहो, कारंजं कधी बसवलंत?’’

घरी येऊन रबरी मॅट उचलली. खालच्या नमद्याने कित्येक पावसाळ्यांचं पाणी धरून ठेवलं होतं आणि त्याखाली पत्र्याला रुपयाएवढं भोक पडलं होतं. एका मोठ्या गॅरेजात दाखवलं. अण्णांनी अख्खी गाडी ज्या पैशांत घेतली त्याच्या दुप्पट आकडा त्या गृहस्थाने भोकाचा सांगितला. बंगळुरूहून चिरंजीव फोनवर म्हणाले, ‘‘बाबा, स्क्रॅपला द्या. नाहीतर पन्नास वर्षं झालीत, विंटेज म्हणून नोंदवा.’’ तेही बघितलं. 2021 च्या केंद्राच्या नियमांत तशी सोय आहे. पण विंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रोजच्या कामाला काढता येत नाही. म्हणजे सन्मान मिळणार आणि भाजी बंद! आमच्या घरात हा मान फक्त अण्णांच्या फोटोला आहे. शेवटी हिने निकाल दिला : ‘‘दिवाळीपर्यंत भोक बुजलं नाही, तर गाडी भंगारात. तोवर मी रिक्षाने.’’

मी नाना पेठेतल्या एका उस्तादांकडे गेलो. माणूस माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण अंगठे बघून प्रत्येक जण उस्तादच म्हणे. ते म्हणाले, ‘‘काका, मी करून देतो.’’ मी म्हणालो, ‘‘मला शिकायचंय.’’ त्यांनी माझ्याकडे डॉक्टरने रिपोर्टकडे पाहावं तसं पाहिलं. मग म्हणाले, ‘‘वेल्डिंग म्हणजे शिवणकाम. टाका मारता आला की झालं. पण आधी चिंध्यांवर.’’

चिंध्या म्हणजे भंगारातल्या जाड पट्ट्या. साधं इलेक्ट्रिक वेल्डिंग, हातात होल्डर, होल्डरात रॉड. रॉड पट्टीला टेकवून किंचित उचलायचा, की ठिणगी धरते. मी टेकवला. उचलेचना! दिवाळसणाला आलेला जावई सासुरवाडीला चिकटावा तसा तो चिकटला आणि मशीन गुरगुरू लागलं. दोन दिवसांनी सुटायला लागला, तेव्हा पट्टीवर जे उमटलं ते पाहून उस्तादांनी विचारलं, ‘‘इथनं कोंबडी गेली का?’’

तोंडासमोर धरायची काच दहा-अकरा नंबरची, गडद. तिच्यातून ठिणगी पडेपर्यंत ठार काळोख. रॉड नेमका कुठे टेकतोय हे बघायला मी काच जरा बाजूला केली. जरा म्हणजे चार-पाच वेळा. तेव्हा काहीच झालं नाही. रात्री दोनला मात्र दोन्ही डोळ्यांत कोणी वाळूची पाटी ओतल्यासारखं झालं. हिने बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की ठिणगीतल्या अतिनील किरणांनी बुबुळाची वरची कातडी भाजते, दुखणं काही तासांनी सुरू होतं आणि नशिबाने एक-दोन दिवसांत भरून येतं. ‘‘आणि बटाटे भाजीत घाला,’’ ते म्हणाले. तेव्हापासून मी काचेशी एकनिष्ठ आहे.

पहिली स्वतंत्र कलाकृती कुंडीचा स्टँड. अँगलचे चार पाय, पैकी जमिनीला तीनच टेकत. हिने त्यावर तुळस ठेवायला नकार दिला. कोरफड ठेवली. पडली तरी चालते म्हणून.

त्या यशाच्या भरात मी म्हणालो, ‘‘आता गाडीखाली लावायचे घोडे करतो.’’ उस्ताद पहिल्यांदाच रागावले. ‘‘काका, ज्याच्याखाली आपण झोपणार, ते शिकाऊ हाताने जोडायचं नाही. घोडे विकत आणा.’’ आणले. मग बॅटरीखालचा ट्रे केला. ॲसिडने त्याची जाळी झाली होती. तो गाडीबाहेर काढून टेबलावर करता येतो आणि चुकला तरी कोणाचा पाय आत जात नाही.

दिवाळीला तीन आठवडे उरले, तेव्हा पायाखालच्या पत्र्याची वेळ आली. बॅटरीच्या तारा सोडल्या, सीट काढली, पेट्रोलची टाकी आणि खालून जाणारी नळी उतरवून लांब ठेवली, शेजारी आग विझवायचा सिलिंडर. मग उस्तादांनी माझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला. ‘‘टोचत जा. चांगला पत्रा लागेपर्यंत थांबायचं नाही.’’ मी टोचत गेलो. रुपयाची वाटी झाली, वाटीचं ताट झालं. मला घाम फुटला. ‘‘गंजाला टाका बसत नाही काका. आणि ह्या गाडीला वेगळी चासी नाही. हा पत्राच गाडीला धरून आहे.’’

आणि ताटाच्या काठाला, अण्णांची टाच जिथे टेकायची तिथे, डांबर खरवडताना एक शिवण दिसली. हातभर लांब, वळणदार. कोणीतरी फार वर्षांपूर्वी मारलेलं ठिगळ!

उस्ताद गुडघ्यावर बसले. बोट फिरवलं. ‘‘गॅसचं काम आहे. जुन्या माणसाचा हात. वर डांबर फासून लपवलंय बघा. काय सफाई आहे!’’

मी काही बोललो नाही. कंपनीतून आली तशी आहे! आईलासुद्धा ठाऊक नसणार. कुठल्या पावसाळ्यात चिळकांडी उडाली असेल, गृहस्थाने कोणत्या खर्चातून पैसे काढले असतील आणि आम्हां पोरांना काय थाप मारून गाडी दोन दिवस बाहेर ठेवली असेल?

‘‘हे कापायचं का?’’ मी विचारलं.

‘‘कशाला? चांगलं आहे की. ह्यालाच जोडू.’’

आधी पुठ्ठ्याचा बेत कापला, मग त्यावरून एक मिलिमीटरचा पत्रा. इतक्या पातळ पत्र्याला माझा रॉड म्हणजे डासाला तोफ. म्हणून उस्तादांचं सीओटूचं मशीन घेतलं, बारीक तारेचं. एक टाका इकडे, एक समोर, मध्ये थांबायचं, पत्रा निवू द्यायचा. मला धीर कुठला? एक लांब शिवण सरळ ओढली. पत्रा पापडासारखा फुगला आणि टोकाला नवं भोक पडलं. ‘‘घाई केली की पत्रा रुसतो,’’ उस्ताद म्हणाले. मग ग्राइंडर, पुन्हा पुठ्ठा, पुन्हा पहिला टाका. अण्णांच्या शिवणीला लागून असलेले टाके मात्र त्यांनी मला एकट्याला मारू दिले. स्वतः बाहेर बिडी ओढत बसले.

टाके वेडेवाकडे आहेत, पण धरून आहेत. उस्तादांनी वर चढून दोनदा उड्या मारून पाहिल्या. मग गंज रोखणारा रंग, वर डांबर, नवी मॅट.

धनत्रयोदशीला चिरंजीव आले. गाडीतून चक्कर मारून आणली. ही पुढे बसली होती, नव्या साडीत. चिरंजीवांनी पायाने मॅट दाबून पाहिली आणि म्हणाले, ‘‘बाबा, पत्रा चांगला घट्ट दिसतोय. काही केलंत का?’’

‘‘छे रे,’’ मी म्हणालो, ‘‘कंपनीतून आली तशी आहे.’’

ही खिडकीबाहेर बघत राहिली.