दुपारी अडीच वाजता

संपादकांचा फोन आला तेव्हा दवाखान्यात पंधरा-सोळा नंबर बाकी होते. "पाळणाघर कसं निवडावं यावर आमच्या तरुण वाचकांसाठी लिहा. शक्यतो दहा मुद्दे, सोप्या भाषेत," असं ते म्हणाले. मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायला जास्त वेळ लागतो. नंतर दोन रविवार कागद पुढ्यात घेऊन बसले. मुद्दे दहा झाले नाहीत. दर वेळी गाडी एकाच केसपेपरपाशी येऊन थांबली. तेव्हा आधी तोच सांगते.

मी लालबागला लहान मुलांची डॉक्टर म्हणून तीस वर्षं बसते आहे. मागच्या पावसाळ्यात एक आई दोन वर्षांच्या मुलाला घेऊन आली. रात्री एक-एक वाजेपर्यंत झोपत नाही, ही तक्रार. सोबत बद्धकोष्ठ, तोंड कोरडं आणि तीन महिन्यांत वजन जागच्या जागी. मी विचारलं, "दिवसा कसा असतो?" ती म्हणाली, "दिवसा पाळणाघरात असतो मॅडम. तिथे अगदी छान झोपतो. बारा ते चार. काकू म्हणतात, इतकं शहाणं बाळ आमच्याकडे कधी आलं नव्हतं."

मीही हसले. भूक वाढायचं टॉनिक लिहून दिलं आणि पुढचा नंबर बोलावला. हे इथे कबूल केलेलं बरं.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली तेव्हा मला ते चार तास खटकले. या वयाच्या मुलाला चोवीस तासांत साधारण अकरा ते चौदा तास झोप लागते, दुपारची धरून. दुपारचे दीड-दोन तास ठीक. रोज ठरल्या वेळी चार तास, आणि तेही दहाबारा मुलांच्या गोंगाटात? तिला म्हटलं, अर्धा दिवस रजा काढ आणि न कळवता दुपारी अडीच वाजता जा. ती गेली. खोलीत अकरा मुलं ओळीनं झोपलेली. स्वयंपाकाच्या ओट्यावर सर्दीच्या औषधाची बाटली आणि एकच चमचा. काकूंनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, "सगळ्यांनाच देते थोडं थोडं. पावसाळा आहे ना."

इथे थोडं तांत्रिक बोलावं लागेल. मेंदूत हिस्टामिन नावाचं एक द्रव्य असतं आणि माणसाला जागं ठेवणं हे त्याच्या कामांपैकी एक. सर्दीच्या जुन्या औषधांतलं क्लोरफेनिरामिन किंवा प्रोमेथाझिन मेंदूत शिरून त्यालाच गप्प करतं. नाक गळायचं थांबतं ते असंच काहीसं जाता जाता. खरा परिणाम झोप. तोंड सुकतं, आतडी मंदावतात, भूक मरते. म्हणजे त्या मुलाची चारही लक्षणं पुस्तकात एका परिच्छेदात लिहिलेली आहेत आणि ती मला पाठ होती. देशाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं बजावलं आहे. तरी घरोघरी ती बाटली असते, कारण ती कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मागितली की मिळते.

आणखी एक. त्या पाळणाघराचं नाव तिला मीच दिलं होतं.

आमच्या गिरणगावाला मुलं गुंगवून झोपवण्याचा प्रकार नवा नाही. १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स नावाच्या बाईंनी मुंबई सरकारसाठी गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांची पाहणी केली. त्यांनी नोंदवलं की, त्या बायकांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जाते. बाळागोळी म्हणायचे तिला. (आजीच्या सहाणेवरच्या बाळगुटीशी तिची गल्लत करू नका, बाळगुटीत अफू नसते.) गोळी चाटवायची, बाळ झोळीत टाकायचं आणि भोंग्याला खात्यात हजर व्हायचं. त्या आया क्रूर नव्हत्या, त्यांना पाळी चुकवणं परवडत नव्हतं. पुढे १९२९ चा मुंबईचा बाळंतपणाच्या रजेचा कायदा आला. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ४८ नं पाळणाघर सक्तीचं केलं. पुढे तिथला आकडा तीसपेक्षा जास्त कामगार स्त्रिया असा झाला. मालकांनी त्यावर सोपी तोड काढली. बायकाच कमी ठेवल्या. एकट्या पाळणाघरामुळे नव्हे, रात्रपाळीची बंदी आणि नवी यंत्रंही होती. पण त्या खर्चाचा हिशेब त्यात होताच. आता त्याच गिरण्यांच्या जागेवर काचेच्या कचेऱ्या आहेत. बाळंतपणाच्या रजेच्या केंद्रीय कायद्यात २०१७ ला झालेल्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. आपल्या कचेरीत हे विचारा. "टाय-अप आहे" असं उत्तर आलं तर कुठे आहे तेही विचारा, कारण लोअर परळहून दोन स्टेशनं लांब असलेल्या बाळाला चार वेळा भेटून दाखवा.

पूर्वी चाळीत मूल कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न नव्हता, असं म्हणणारे लोक मला दर आठवड्याला भेटतात. मी गिरगावच्या चाळीत वाढले. आई शाळेत शिकवायची आणि मी समोरच्या खोलीतल्या काकूंकडे असायची. छान होतं. पण त्या काकूंना कुणी पगार देत नव्हतं आणि आजची तशी काकू स्वतः आठ-बावन्नची लोकल पकडते. आजी बदलापूरला किंवा विरारला गेली. चाळीचा टॉवर झाला, तिथे शेजारचं दार उघडायला आधी खाली वॉचमनकडे नाव लिहावं लागतं. तरीही मूल पाळणाघरात "टाकलं" हाच शब्द. शाळेत घालतात, पाळणाघरात टाकतात. माझ्यासमोर बसून हे क्रियापद वापरणाऱ्या आजोबांना मी हल्ली टोकते, वय झाल्यामुळे तेवढं धाडस आलं आहे.

आता कॅमेरा. या विषयावर आमच्या घरात जेवताना बोलायला मला बंदी आहे, म्हणून इथे लिहिते.

हल्ली आई-बापांचा पहिला प्रश्न असतो: "तिथे सीसीटीव्ही आहे का? मोबाइलवर दिसतं का?" २०१६ च्या नोव्हेंबरात खारघरच्या पाळणाघरातली ती चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण करणारी बाई त्यात दिसत होती. तेव्हापासून कॅमेरा म्हणजे सुरक्षितता असं समीकरण झालं. पण नीट विचार करा. कॅमेरा तिथे होता, म्हणूनच ती फीत निघाली. मारणाऱ्या हाताला त्यानं अडवलं नाही. पोलिसांसाठी कॅमेरा उत्तम, शिक्षेसाठी उत्तम. बाळासाठी तो दुसऱ्या दिवशी कामाला येतो. शिवाय कॅमेऱ्याला काय दिसतं? खोली. औषधाचा चमचा ओट्यावर भरला जातो, लंगोट मोरीत बदलतात, आणि तिथे कॅमेरा नसतो; मोरीत तर तो नसावाच. त्या माझ्या पेशंटच्या पाळणाघरातही कॅमेरा होता. आई रोज दुपारी कचेरीतून मोबाइलवर बघायची. तिला काय दिसायचं? शांत झोपलेलं मूल. ती निश्चिंत होऊन पुढच्या मीटिंगला जायची. कॅमेऱ्यानं तिला खोटं काही दाखवलं नाही, हीच तर पंचाईत आहे. माझ्या व्यवसायातले पुष्कळजण मला यावर जुनाट म्हणतात. म्हणोत. कॅमेरा असला तर असू दे, पण तो बघून निर्णय घेऊ नका.

निर्णय कशावर घ्यायचा? हातांवर. किती मुलांमागे किती हात, आणि तेच हात किती दिवस टिकतात.

एकदा पाटीवर मांडून पाहू. अकरा मुलं, सगळी तीनच्या आतली, नऊ तास, म्हणजे पाचशे चाळीस मिनिटं. एकेकाला जेवण भरवायला पंधरा मिनिटं धरली तर एकशे पासष्ट. चारचं खाणं, प्रत्येकी आठ मिनिटं, अठ्ठ्याऐंशी. सहा मुलं लंगोटातली, दिवसात चार वेळा बदलणं, दर वेळी पाच मिनिटं, म्हणजे एकशे वीस. तीनशे त्र्याहत्तर झाली. उरलेल्या पावणेतीन तासांत रडणं, पडणं, भांडणं, झोपवणं, दार, फोन, पुसापुशी. काकू एकट्या, आणि अर्धा वेळ ओट्याशी असणारी एक मावशी. अशा बाईच्या हाताशी ती बाटली आली तर? मला तिचा संताप येतो, आणि हिशेब मांडला की तो संताप धड टिकत नाही. या दोन्हींचं काय करायचं ते मला अजून उमगलेलं नाही.

केंद्र सरकारच्या २०१८ च्या किमान मार्गदर्शक तत्त्वांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका सांगितली आहे. इंग्लंडात दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक. आपली दहा म्हणजे बाईला दशभुजा समजणं आहे. दीड वर्षाखालच्या चार मुलांमागे एक मोठं माणूस, यापेक्षा वाईट प्रमाण असेल तर मी नाव सुचवत नाही. भिंतीवरच्या चौकटीतलं गुमास्ता लायसन दाखवून कुणी भुलवत असेल, तर ती दुकानाची नोंद आहे, एवढं लक्षात ठेवा.

दुसरा प्रश्न मालकिणीला विचारा, आणि संकोच न करता विचारा: "मावशी किती वर्षं आहेत? त्यांना पगार काय देता?" उत्तर टाळलं तर समजा. बाळ आठ महिन्यांचं झालं की त्याला परकं माणूस कळू लागतं, आणि दीड वर्षापर्यंत ते ओळखीच्या चेहऱ्याला चिकटून असतं. दर दोन महिन्यांनी मावशी बदलणं म्हणजे त्याच्यासाठी दर दोन महिन्यांनी कुणीतरी नाहीसं होणं. लाळेतलं कॉर्टिसॉल मोजून केलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं की, घरी असलेल्या मुलांत ते सकाळपासून उतरत जातं, तर पाळणाघरातल्या पुष्कळ मुलांत दुपारी चढतं. हे सांगितलं की आया घाबरतात, म्हणून लगेच पुढचंही सांगते: तिथेच १९९१ साली सुरू झालेल्या, तेराशेहून जास्त मुलांच्या मोठ्या अभ्यासात मुलाच्या घडण्यावर घराचा प्रभाव पाळणाघरापेक्षा जास्त निघाला, आणि पाळणाघर चांगलं असेल तर भाषेला फायदा झाला. नोकरी सोडायचा सल्ला मी कुणाला दिलेला नाही.

आपल्याकडे तीनच्या पुढच्या मुलांना शिकवणाऱ्यांना थोडी तरी प्रतिष्ठा आहे. ताराबाई मोडकांनी १९३६ साली दादरला शिशुविहार उभं केलं, पुढे बोर्डी-कोसबाडला अनुताई वाघांसह आयुष्य घातलं, त्याची ती पुण्याई. तीनच्या आतल्या मुलाबाबत मात्र "सांभाळायला काय शिकायचंय?" असंच बोललं जातं. लंगोट बदलताना बाळाशी बोलणारी मावशी आणि मुकाट बदलणारी मावशी यांतला फरक मला पाच मिनिटांत दिसतो, तुम्हालाही दिसेल. तिथे अर्धा तास नुसतं बसा. खेळणी, भिंतीवरचा मिकी माउस, इंग्रजी नाव, यांकडे बघू नका.

बाकीचं थोडक्यात. लंगोट बदलायची जागा आणि ओटा यांत अंतर हवं, आणि मधे साबण. पहिल्या वर्षी सहा-आठ सर्द्या होणारच. त्यासाठी पाळणाघर बदलू नका, आणि ताप असलेलं मूल औषध पाजून तिथे सोडून जाऊ नका, हे तुम्ही करता, मला माहीत आहे. पहिल्या आठवड्यात मुलाचा तिथला वेळ तासा-दोन तासांनी वाढवत न्या. जिना किती अरुंद आहे, आग लागली तर अकरा मुलं कुठून उतरवणार, ते विचारा. गणपतीत दहा दिवस लालबागचे रस्ते बंद असतात तेव्हा मूल कोण आणि कुठून नेणार, हेही आधी ठरवा. २६ जुलै २००५ च्या पुरात माझ्या काही पेशंटनी अख्खी रात्र पाळणाघरात काढली. ज्या काकूंनी त्यांना खिचडी करून घातली आणि पहाटेपर्यंत जागल्या, त्यांचं पाळणाघर भाडं परवडेना म्हणून चार वर्षांत बंद झालं. हिंदमाताला पाणी अजून भरतं.

त्या मुलाचं औषध बंद झाल्यावर रात्रीची झोप तीन आठवड्यांत ताळ्यावर आली. वजनही वाढलं. आई आता दादरला एका घरगुती पाळणाघरात त्याला ठेवते, तिथे पाच मुलं आणि दोन बाया आहेत, पैसे जवळजवळ दुप्पट. माझ्या टेबलाच्या खणात पाळणाघरांच्या नावांची जी यादी होती, ती मी फाडली. आता दोनच नावं देते, दोन्हीकडे दुपारी स्वतः जाऊन आल्यावर.

तुम्हीही जा, न सांगता, अडीच वाजता. एखादं मूल रडत असेल, एखादं मावशीच्या कडेवर असेल, कुणीतरी झोपायला नकार देत असेल, तर बरं लक्षण आहे. सगळी झोपलेली असतील तर ओट्यावर नजर टाका. बाटली दिसली तर तिचा फोटो काढून मूल ज्या डॉक्टरकडे जातं त्यांना दाखवा. माझ्याकडे आणलात तरी चालेल. दवाखाना सोमवार ते शनिवार, सकाळी साडेनऊ ते एक. या कामासाठी नंबर लावायची गरज नाही.